पैसा आहे, पण कागदावर दिसत नाही: जर्मनीच्या विद्यार्थी परवान्यासाठी निधी दाखवताना दरवर्षी अडतं कुठे

जून लागला की आमच्या ओसरीवर तोच प्रश्न घेऊन कोणीतरी येतं. पोराला किंवा पोरीला जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात, आणि मग घरातलं कोणीतरी कागदांची यादी वाचून सांगतं की ११,९०४ युरो दाखवावे लागतील. "बारा एकर वावर आहे न बा, संत्र्याचा बगीचा आहे, मंग अजून पैसे कायले दाखवाचे?" असं यंदा एका काकांनी विचारलं. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्याकडे खरंच आहे. पण जे आहे ते सातबाऱ्यावर आहे, झाडावर आहे, पतसंस्थेत आहे, आणि तीन भावांच्या सामायिक नावावर आहे.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात संत्रा आणि कपाशी करतो. माझी धाकटी बहीण २०२३ च्या ऑक्टोबरात जर्मनीला गेली. तिच्या कागदांची धावपळ मी आणि बाबांनी केली, एकदा व्हिसाच्या वेळी आणि पुन्हा वर्षभराने तिच्या रहिवास परवान्याच्या मुदतवाढीच्या वेळी. दोन्ही वेळा अडकलो, आणि दोन्ही वेळा वेगळ्या कारणाने. तेव्हापासून लोक फाइल घेऊन येतात. प्रत्येकाला तेच तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

ते नेमकं काय मागतात

विद्यार्थ्याला तिथे वर्षभर राहण्या-खाण्यापुरते पैसे हाताशी आहेत, एवढंच जर्मनीच्या व्हिसा अधिकाऱ्यांना बघायचं असतं. बाप किती श्रीमंत आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. म्हणून जमिनीचं मूल्यांकन, सीएचं मालमत्तेचं प्रमाणपत्र, एलआयसीच्या पॉलिस्या, किसान विकास पत्रं, हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून जोडलं तरी उपयोग शून्य. त्या भाषांतरावर पैसे घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपल्याकडून जाणारी बहुतेक मुलं ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. जर्मनीत त्याला श्पेरकोंटो म्हणतात. खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं असतं. वर्षाची रक्कम आधी भरायची, तिथे पोचल्यावर ती दर महिन्याला ठरलेल्या हप्त्याने सुटते. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ आणि वर्षाला ११,९०४ युरो असा दर आहे. त्याआधी, म्हणजे बहीण गेली तेव्हा, ९३४ आणि ११,२०८ होते. खातं उघडून देणाऱ्या कंपन्यांची यादी जर्मन परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, तिथूनच निवडा. शिष्यवृत्ती असेल किंवा जर्मनीत राहणाऱ्या कोणी सरकारी कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र दिलं असेल, तर तेही चालतं. आपल्या गावखेड्यातल्या मुलांना जर्मनीत जामीन राहणारं कोण सापडणार, म्हणून गाडी ब्लॉक्ड अकाउंटवरच येते.

बँकेचं शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत, हेही इथेच सांगतो. मंजूर झालेली रक्कम त्या खात्यात जाऊन पडली पाहिजे आणि तसं पुष्टीपत्र हातात आलं पाहिजे.

खरी गोची कॅलेंडरची आहे

जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. म्हणजे पैसे जून-जुलैत उभे करायचे. आता आपला हिशोब बघा. अंबिया बहाराची संत्री निघतात दिवाळीच्या आगेमागे, कापूस येतो ऑक्टोबर ते जानेवारी, तूर त्यानंतर. मृगाचा बहार असला तर मार्च-एप्रिल. आणि जून म्हणजे बियाणं, खत, मजुरी. ज्या महिन्यात आपला हात सगळ्यात रिकामा, नेमक्या त्याच महिन्यात दहा लाखांच्या वर मागतात.

मग माणूस जे करतो ते आम्हीही करायला निघालो होतो: पीककर्ज उचला आणि तिकडे पाठवा. पापळचे पंजाबराव देशमुख शंभर वर्षांपूर्वी विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आले, आणि आज त्यांच्याच नावाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. पोरीच्या शिक्षणाला ते पैसे वापरायचा मोह होणारच. पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये गेलेला पैसा तुमच्याकडे परत येत नाही, तो बारा महिने हप्त्याहप्त्याने तिकडेच खर्च होतो. फेडीची तारीख आली की हातात काही नसतं, कर्ज थकतं, सवलत जाते आणि पुढल्या पेरणीला बँक दारात उभं करत नाही. हातउसन्या पैशालाही हेच लागू. "दोन महिने दे, व्हिसा झाला की परत करतो" असं मामाला सांगून आणलेले पैसे दोन महिन्यांत परत करताच येत नाहीत. मामाला ते आधीच सांगा, नाहीतर लग्नकार्यात बोलणं बंद होतं.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या हंगामातला पैसा खात्यात ठेवायचा. पोरगी तिसऱ्या वर्षाला असतानाच दिवाळीच्या बहाराचा एक भाग तिच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा, मुदत पुढच्या मे महिन्यात संपेल अशी. झाडावरची संत्री धरून हिशोब करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ सुरू झाली की अर्धा हिशोब बुडाशी पडलेला असतो.

रोखीची भानगड

ही आमची पहिली ठेच. जून २०२३. बाबांनी गोदरेजच्या कपाटातून बंडलं काढली. दोन हंगामांतली थोडी संत्र्याची, थोडी तुरीची, दुधाची. एकूण तीन लाख साठ हजार. तालुक्याच्या गावी बँकेत गेलो, तर काउंटरवर ही रांग. मे महिन्यातच दोन हजारांच्या नोटा मागे घेत असल्याचं जाहीर झालं होतं आणि सगळा तालुका गुलाबी नोटा घेऊन उभा होता. आमच्या बंडलातही चाळीसेक निघाल्या. कॅशियरने नोटा यंत्रातून काढल्या, रकमेकडे पाहिलं आणि आत साहेबांकडे पाठवलं.

"काका, कशाचे पैसे?"

"संत्र्याचे."

"कोणत्या साली?"

बाबा माझ्याकडे बघू लागले. संत्र्याचे होते हे खरंच, पण कोणत्या बहाराचे, कोणत्या व्यापाऱ्याचे, हे सांगणारा चिटोराही घरात नव्हता. व्यापारी बगीच्यात येतो, इसार देतो, माल तोडून ट्रक भरतो आणि वहीत आकडा लिहून उरलेले मोजून देतो. वही त्याची, आपल्याकडे काही राहत नाही.

पॅन लिहून पैसे भरून घेतले. पन्नास हजारांच्या वर रोख भरायला तेव्हा पॅन लागायचाच. आम्हाला वाटलं संपलं. पण महिन्याने परदेशी रक्कम पाठवायची वेळ आली तेव्हा तालुक्याच्या शाखेने पासबुकातल्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. या पैशांचा स्रोत लेखी द्या. त्यात अकरा दिवस गेले. व्हिसा अधिकाऱ्याने मात्र हे कधीच विचारलं नाही, त्याला पुष्टीपत्राशी मतलब. हा प्रश्न आपल्याच बँकेचा असतो, कधी ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीचा. लोक व्हिसाची भीती धरतात आणि अडतात तालुक्याच्या बँकेत.

आम्ही जे देऊन सुटलो ते असं: ई-पीक पाहणीत संत्र्याची नोंद असलेला सातबारा, बाजार समितीतल्या तुरीच्या हिशोबपट्ट्या, दूध संकलन केंद्राच्या नोंदी, व्यापाऱ्याला शोधून त्याच्याकडून सही करून घेतलेला माल घेतल्याचा कागद, आणि एक पानी पत्र. पत्रात प्रत्येक मोठ्या जमेसमोर तारीख, रक्कम आणि ती कशाची, एवढंच. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे म्हणून कागद लागत नाहीत, ही आपली समजूत चुकीची. कर लागत नाही, पुरावा लागतो.

आता मी व्यापाऱ्याला सौद्याच्या वेळीच सांगतो, इसार रोखीत चालेल, बाकी आरटीजीएस. कुरकुर करतो, पण माल चांगला असला की करतो. एकाच सौद्यापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही, हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस विश्वास ठेवला नाही. आणि रोख आलीच तर जशी आली तशी भरा. कपाटात साठवून एकदम नेली की प्रश्न उभा राहतो.

नातेवाइकांनी दिलेले पैसे खात्यातूनच घ्या, सोबत भेट म्हणून दिल्याचं साधं पत्र. इथे एक बारीक खोच आहे. काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेली भेट करमुक्त. आत्येभाऊ, मावसभाऊ मात्र आयकराच्या व्याख्येत नातेवाईक नाहीत, त्यांच्याकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर आले तर घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. मावसभावाने प्रेमाने दिलं तर ते कर्ज म्हणून घ्या, लिहून घ्या आणि फेडा.

बारा एकरावर कर्ज का मिळत नाही

बँक तारण मागते आणि शेतजमीन नको म्हणते. कर्ज थकलं तर बँकेला कोर्टाबाहेर जप्ती करू देणारा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँकांना एनए (बिनशेती) प्लॉट, घर किंवा मुदत ठेव हवी असते. त्यातून जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असली तर बोलायलाच नको. गावठाणातलं घर चालेल का, हे शाखेवर आणि वकिलाच्या शोध अहवालावर अवलंबून. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज मात्र सरकारी पतहमी योजनेत बिनतारण बसू शकतं, त्यासाठी अर्जात ते स्पष्ट म्हणा. आम्ही तारणाच्या घोळात वेळ घालवला आणि शेवटी कर्जाशिवाय केलं, ते चुकलंच. पीएम विद्यालक्ष्मी ही नवी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे. परदेशासाठी तिचा अर्ज भरून बसू नका.

पैसे पाठवताना

जिल्हा बँक आणि पतसंस्था परदेशात पैसे पाठवू शकत नाहीत. परकीय चलनाची परवानगी असलेल्या बँकेतूनच ते जातात, आणि तालुक्याची शाखा बहुतेक वेळा फाइल अमरावती किंवा नागपूरला पाठवते. म्हणून पतसंस्थेतली ठेव महिनाभर आधी मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणा.

परदेशात पैसे पाठवायचा जो ए-२ अर्ज असतो, त्यावर कारणाचा कोड येतो. शिक्षणासाठी एस ०३०५. आमच्या शाखेतल्या भल्या माणसाने "पोरीच्या खर्चाला" म्हणून नातेवाइकांच्या उदरनिर्वाहाचा कोड टाकला होता, मी वाचलं म्हणून वाचलो. शिक्षणासाठी आणि इतर कारणासाठी टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराचा, दर वेगळा आहे, आणि इतरचा बराच जड. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर कापतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर कापत नाहीत. आमच्या वेळी मर्यादा सात लाखांची होती आणि सोळा हजारांच्या आसपास कापले गेले. ते परत मिळतात, पण रिटर्न भरल्यावर. बाबांनी जन्मात पहिल्यांदा रिटर्न भरलं ते कर भरायला नाही, कापलेला कर परत आणायला. मर्यादा पाठवणाऱ्या माणसागणिक असते, त्यामुळे आईच्या खात्यात तिचे स्वतःचे पैसे असतील तर काही रक्कम तिच्याकडून गेलेली बरी.

आणि अठरा युरो. आम्ही नेमके ११,२०८ अधिक कंपनीचं शुल्क एवढेच पाठवले. मधल्या बँकेने वाटेत आपलं कमिशन कापून घेतलं आणि खात्यात अठरा युरो कमी पोचले. पुष्टीपत्र अडलं. अठरा युरो म्हणजे तेव्हाचे सोळा-सतराशे रुपये, आणि ते पाठवायला पुन्हा ए-२, पुन्हा अमरावती, पुन्हा बँकेचा आकार. पाठवताना सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे असा पर्याय अर्जावर असतो, त्याच्यावर खूण करा आणि वर पन्नास-शंभर युरो जास्त पाठवा. जास्तीचे पैसे विद्यार्थ्यालाच मिळतात.

नावाचं थोडक्यात: आपल्याकडे पासबुकात "राव" असतो, पॅनवर नसतो, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलीच्या नावाला जोडून येतं. ब्लॉक्ड अकाउंट पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर. पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव पॅनशी जुळवून घ्यायला पंधरा दिवस लागतात, ते मार्चमध्येच करा.

वर्षाने पुन्हा तेच

आम्हाला वाटलं होतं एकदा भरले की झालं. २०२४ च्या जुलैत बहिणीचा फोन, परवाना ऑक्टोबरात संपतोय आणि परदेशी नागरिक कार्यालय पुढच्या वर्षाचा निधी पुन्हा मागतंय. आम्ही जुन्या दराने ११,२०८ ची तयारी करत होतो, तेवढ्यात सप्टेंबरपासून दर वाढला. म्हणजे ६९६ युरो आणखी. कापूस अजून बोंडात होता.

या वेळी मार्ग तिनेच काढला. पहिल्या व्हिसाला नोकरीचा आधार नसतो, मुदतवाढीला असू शकतो. ती विद्यापीठात सहायक म्हणून काम करत होती, महिन्याला ५३८ युरो. ९९२ मधून ५३८ वजा जाता उरले ४५४, बाराने गुणलं की ५,४४८. तिने कार्यालयाला ईमेल करून विचारलं की कामाचा करार आणि तीन महिन्यांच्या पगारपट्ट्या धरून उरलेलीच रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवली तर चालेल का. त्यांनी हो म्हटलं. अकरा लाखांचं काम पाचावर आलं. हे तिच्या शहरातलं झालं. शहराशहराची रीत वेगळी असते, म्हणून लेखी विचारूनच पाऊल टाका. करार परवान्याच्या मुदतीआधी संपणारा असेल तर तो धरत नाहीत. कामाच्या दिवसांची मर्यादाही पाळायची, मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं सहायकाचं काम त्यात मोजत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, परवाना संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे, निधीचा कागद मागाहून आला तरी. अर्ज वेळेत असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात आणि तसा तात्पुरता दाखला देतात, फिक्त्सिओन्स-बेशायनिगुंग. बहिणीने त्या दाखल्यावर अडीच महिने काढले. पैसे जमले नाहीत म्हणून अर्जच थांबवून ठेवला असता तर एक दिवसाच्या उशिराने सगळा खेळ बिघडला असता.

दुसरे देश, आणि एजंट

ब्रिटनला जाणाऱ्यांनी अठ्ठावीस दिवसांचा नियम पाठ करावा. पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात, एक दिवसही कमी नाही, आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या ३१ दिवसांच्या आतली. तिथे आईवडिलांचं खातं चालतं, पण नात्याचा पुरावा आणि संमतीपत्र लागतं. संगणकीय नोंदी नसलेल्या संस्थेचं हाताने लिहिलेलं पासबुक चालत नाही. स्वीडनला पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यात हवेत, बाबांच्या नाही.

"दोन टक्क्यांत पैसे दाखवून देतो" म्हणणारे एजंट आता तालुक्यापर्यंत पोचले आहेत. त्यांच्याकडून बनावट स्टेटमेंट मिळतं किंवा चढ्या व्याजाचं कर्ज. बनावट पकडलं तर पुढच्या अर्जांवरही तो डाग राहतो. एकाने आमच्या ओसरीवर बसून बाबांना समजावलं होतं की सगळे असंच करतात. बाबांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "मंग तुह्या पोराले कोठी पाठवलं?" तो चहा अर्धा ठेवून उठला.

व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे परत मिळतात, शुल्क सोडून. ते इथल्या खात्यात येतात, म्हणून ज्या खात्यातून पाठवले ते तोवर बंद करू नका. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एकाने पैसे पाठवून झाल्यावर "आता कायले ठेवाचं" म्हणून खातं बंद केलं, आणि पोराचा व्हिसा नाकारला गेल्यावर परत येणाऱ्या युरोंना उतरायला जागाच नव्हती. ते पैसे सोयाबीन निघाल्यावर आले.